तळ्याने नेलेली माणसं

चिनी नववर्षाची सुट्टी संपली त्याच आठवड्यात मला त्या म्हाताऱ्या बाईंकडे पाठवण्यात आलं. आमची कंपनी लहान, चार माणसांची. लोकांची जुनी कागदपत्रं स्कॅन करायची, त्यांची यादी करायची आणि कुणाला घराण्याचा इतिहास हवा असेल तर तो नीट मांडून द्यायचा, एवढाच आमचा उद्योग. एरवी येतात ती इथलीच चिनी घराणी, आजोबा कुठल्या गावाहून बोटीत बसले ते शोधणारी. युरोपातलं सरदार घराणं पहिल्यांदाच दारात आलं होतं. साहेब म्हणाला, "तुम्हा इंडियन लोकांना हे फॅमिली ट्री प्रकरण बरोबर कळतं, सो यू गो लाह." दुसऱ्या कुणाबद्दल तो असं बोलला असता तर मी त्याला सुनावलं असतं. पण माझ्या बाबतीत ते खरं होतं आणि मी मनातून सुखावले.

माझे बाबा कुलवृत्तांतवाले. म्हणजे आमच्या आडनावाच्या सगळ्या घराण्यांची वंशावळ जमवून छापणारं जे मंडळ आहे, त्याचे गेली तीस वर्षं चिटणीस. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीच्या मुली पोहायला जायच्या, आणि मी बाबांच्या शेजारी बसून गावोगावहून आलेली पोस्टकार्डं लावायची. बाराव्या वर्षी मला सगळे नियम पाठ होते. मुलगा झाला की त्याला आकडा. मुलगी झाली की नुसतं नाव. लग्न झालं की पुढे सासरचं नाव, गाव आणि पूर्णविराम. ज्याला मुलगा नाही त्याच्यापुढे लिहायचं 'निर्वंश', मग त्याच्या घरात चार मुली का नांदत असेनात. त्या पुस्तकात मीही आहे. एका ओळीत आहे. माझी लेक झाली तेव्हा मी बाबांना तिची जन्मवेळ, वजन, सगळं हौसेने कळवलं होतं. त्यांना आनंद झाला, त्यांनी पेढे वाटले, आणि पुस्तकात काहीही घातलं नाही. हे मला आजही झोंबतं.

बाईंचा फ्लॅट बुकित तिमाच्या बाजूला, एका जुन्या काँडोत, म्हणजे आवारात पोहायचा तलाव असलेल्या सोसायटीत, अकराव्या मजल्यावर. सेंगकांगच्या माझ्या घराहून एलआरटीची छोटी गाडी, मग दोनदा एमआरटी, म्हणजे मेट्रो, बदलून जायला मला तास लागायचा. बाई ऐंशीच्या पुढच्या, ताठ पाठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. नवरा जहाज कंपनीत होता, चाळीस वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर इथे आल्या, तो इथेच वारला आणि त्या राहिल्या. मुलगी आणि जावई कामासाठी जकार्तात. सोळा वर्षांची नात शाळेसाठी आजीजवळ राहत होती.

घराणं म्हणजे राजेबिजे नव्हेत. ऑस्ट्रियाच्या डोंगरांत एक तळं, तळ्याकाठी दगडी गढी आणि भोवतालची थोडी गावं, एवढीच दौलत. आपल्याकडचे जहागीरदार असतात तसे. एका महायुद्धानंतर त्या देशाने सगळे किताब मोडीत काढले, दुसऱ्यानंतर गढीही गेली. जे उरलं ते बाईंच्या झोपायच्या खोलीत तीन पत्र्याच्या पेट्यांमध्ये होतं. बरेचसे कागद जर्मन आणि लॅटिनमधले, पण बाईंनी स्वतः वर्षानुवर्षं बसून त्यांचं इंग्रजी करून टाइप करून ठेवलं होतं. तेवढ्यावर माझं काम भागणार होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "पुस्तक मला नातीच्या अठराव्या वाढदिवसाला द्यायचंय. त्याला अवकाश आहे. पण एक गोष्ट मला त्याआधी कळायला हवी."

त्यांनी एक कागद पुढे केला. पूर्वजांपैकी काहींच्या नावापुढे कुणीतरी पिढ्यान् पिढ्या तेच शब्द लिहीत आलं होतं. मराठीत सांगायचं तर, 'तळ्याने नेला'. 'तळ्याने नेली'.

"नात शाळेच्या संघात पोहते," त्या म्हणाल्या. "जानेवारीत सराव करताना तिची शुद्ध गेली. पाण्यात. कोचने उडी मारून बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाने झालं, नाश्ता केला नव्हता. तिची आई फोनवर हसली मला. मी अडाणी नाही. तळं कुणाला नेत नाही हे मला समजतं. पण काहीतरी नेतं. ते आमच्या बाजूला उतरलंय की नाही, एवढंच तुम्ही मला सांगा. उतरलं असेल तर मी तिला पाण्यात पाय घालू देणार नाही. मग ती जन्मभर माझ्याशी बोलली नाही तरी चालेल."

मी म्हटलं, तीन आठवडे द्या.

बाईंच्या घराण्याची मूळ वही उघडली आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. मुलग्यांना लाल शाईचे आकडे. मुलींच्या नावापुढे एक आडवी रेघ, रेघेच्या टोकाला नवऱ्याच्या घराण्याची ढाल, आणि संपलं. सुनांपुढे फक्त त्यांच्या बापाच्या घराण्याचं नाव. इतकं ओळखीचं होतं ते की मी त्याकडे निरखून पाहिलंसुद्धा नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीला 'पुढे चालू' किंवा 'बंद' अशी खूण करता येते. मी एक नियमच घालून टाकला: मुलीचं लग्न झालं की शाखा बंद. बाईंची स्वतःची ओळ तेवढी हाताने नातीपर्यंत पुढे चालू ठेवली. अर्धं मिनिट लागलं असेल. ज्या गोष्टीसाठी मी वीस वर्षं बापाशी भांडले, ती स्वतःच्या हाताने करताना माझ्या मनाला शंकासुद्धा शिवली नाही.

मग मी तळ्याने नेलेली माणसं शोधायला लागले. सात निघाली. दुपारी बाई आडव्या व्हायच्या, नात शाळेत, आणि त्या शांत फ्लॅटमध्ये मी एकेकाचं मरण वाचत बसायची. एकजण चौघा मित्रांबरोबर आंघोळीला उतरला, पट्टीचा पोहणारा, ओरडला नाही, हात वर केला नाही, खाली गेला. एक मुलगी सणाच्या दिवशी होडीतून उडी मारून हसत हसत पाण्यात गेली आणि वर आली नाही. एक सैनिक होता, दोन लढायांतून जिवंत परत आलेला. घोडा धुवायला तळ्यात शिरला आणि घोडा एकटाच बाहेर आला. शेवटचा एकतीस वर्षांचा. तो तर तळ्यात गेलाच नव्हता. बागेतल्या कारंज्याच्या हौदात सापडला, गुडघाभर पाण्यात पालथा. तरी वहीत कुणीतरी लिहिलं होतं, तळ्याने नेला.

त्या गुडघाभर पाण्यापाशी मी थांबले होते हे मला आठवतं. तगडा माणूस गुडघाभर पाण्यात बुडतो कसा, असं मनात आलं. मग खालून नातीचा आवाज आला, शाळेतून येऊन ती थेट तलावाकडे गेली होती, आणि मी खिडकीतून वाकून तिला पाहिलं. निळ्या पाण्यात तिची काळी टोपी सरळ रेषेत जात होती. मी परत येऊन पुढचं पान उलटलं.

सातही माणसं थोरल्या शाखेतली होती. फार पूर्वी दोन भाऊ वेगळे झाले होते. थोरल्याकडे गढी, धाकट्याकडे डोंगरापलीकडची गावं. बाई धाकट्या शाखेच्या. थोरली शाखा त्या कारंज्यातल्या माणसापाशी संपत होती, मग गढीही धाकट्या शाखेकडे आली. त्याला तीन मुली, मुलगा नाही. मी त्याच्यापुढे 'शाखा बंद' केलं. मनातल्या मनात बाबांचा शब्दही म्हटला: निर्वंश.

मार्चमध्ये एका सकाळी मी बाईंसमोर मोठा छापील तक्ता पसरला. थोरली शाखा लाल, धाकटी हिरवी. सात काळे ठिपके, सगळे लालमध्ये. "ती शाखा दीडशे वर्षांपूर्वीच संपली," मी म्हटलं. "तुमच्याकडे एकही नाही. जे काही होतं ते त्यांच्याबरोबर गेलं."

बाईंनी हिरव्या बाजूवरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत, नातीच्या नावापर्यंत. मग त्यांनी माझा हात धरला आणि रडल्या. इतक्या ताठ बाई, आवाज न करता किती वेळ रडत होत्या. मीही डोळे पुसले. त्या दिवशी मी घरी आले ती हवेतच. नवऱ्याला म्हटलं, बघ, बाबांचं पोस्टकार्डांचं शिक्षण कुठे कामी आलं. तो हसला आणि म्हणाला, "मग त्यांना सांग की फोन करून." मी नाही केला. मला ते श्रेय त्यांना द्यायचं नव्हतं.

नातीवर येऊ घातलेली बंदी टळली. ती सकाळ-संध्याकाळ पोहू लागली. मला पाहिलं की लांबूनच हात करायची. एकदा तिने मला हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून करी पफ आणून दिला आणि म्हणाली, "आंटी, यू सेव्ह्ड माय लाइफ, सीरियसली." स्पर्धेत तिला दुसरा नंबर मिळाला. बाईंनी तो फोटो चौकटीत घालून पेट्यांच्या वर ठेवला.

मी पुस्तकाचं बाकीचं काम करत राहिले. ढाली, लग्नं, जमिनींचे वाद. पण काहीतरी सलत होतं. काय ते कळत नव्हतं. वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की काँडोतली मुलं भराभर पाण्याबाहेर यायची, नात मात्र आणखी एक फेरी मारूनच निघायची. मी खिडकीत उभी राहून तिची टोपी काठाला लागेपर्यंत श्वास धरायची. स्वतःवरच चिडायची. तूच सिद्ध केलंस ना, मग आता कसली भीती वाटते, असं स्वतःला विचारायची.

बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "माझी आजी गढीच्या गच्चीवर नेहमी तळ्याकडे पाठ करून बसायची. आम्हा नातवंडांना काठावर फिरकू द्यायची नाही." मी विचारलं, का. त्या म्हणाल्या, "बाहेरून आलेली होती. दुसऱ्या घराण्यातली. तिला पाण्याची सवय नसेल." मी ते टिपून ठेवलं आणि विसरले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी बाबांचा फोन आला. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती गणपतीच्या आधी छापखान्यात द्यायची होती. "अगं, जावईबापूंच्या गावाचं नाव नीट कळव. मागच्या वेळी चुकलं होतं."

मी म्हटलं, "बाबा, या वेळी माझ्या लेकीचं नाव घाला."

"ते कसं घालणार? ती तिच्या घराण्याच्या पुस्तकात येईल. मुलींचा पुढचा विस्तार आपण देत नाही, हे तुला का मी सांगायला हवं?"

"आणि त्यांच्याकडे पुस्तकच नसेल तर?"

"तर तो त्यांचा प्रश्न झाला, बाळ."

माझा तोल गेला. लेक समोर टेबलावर चित्र काढत बसली होती, वाकड्या करंगळीने कागद दाबून. ती करंगळी बाबांची आहे. माझीही तशीच आहे. मी म्हटलं, "तिची करंगळी तुमच्यासारखी वाकडी आहे, बाबा. ती काय सासरहून आली? तुमच्या पुस्तकात ती शाखा बंद आहे हे तिच्या बोटाला कुणी सांगितलं नाही का?"

आणि मी तिथेच थांबले. बाबा पलीकडून काहीतरी समजुतीचं बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी फोन खाली ठेवला, तो बंदसुद्धा केला नाही.

लॅपटॉप उघडून मी तो नियम काढून टाकला. मुलींचं लग्न झालं की शाखा बंद, तो. मधल्या महिन्यांत मी भरलेल्या लग्नाच्या कागदांतली आईबापांची नावं आपोआप जुळली आणि पडद्यावर थोरली शाखा, जी मी मारून ठेवली होती, ती चहूबाजूंनी वाढायला लागली. कारंज्यातल्या माणसाच्या तीन मुली. त्यांतली मधली दुसऱ्या एका घराण्यात दिलेली. तिची मुलगी लग्न होऊन आली होती ती बाईंच्याच घराण्यात, धाकट्या शाखेत. वहीत तिच्यापुढे फक्त तिच्या बापाच्या घराण्याचं नाव होतं, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. ती बाईंची आजी. तळ्याकडे पाठ करून बसणारी. तिच्या आजोबांना गुडघाभर पाण्याने नेलं होतं, आणि तिच्यापासून बाईंचे वडील, बाई, बाईंची मुलगी आणि नात अशी एक अखंड ओळ पडद्यावर उभी राहिली.

वुडलँड्सला राहणारी माझी एक मैत्रीण विद्यापीठात संशोधन करते, आनुवंशिक आजारांवरच. तिला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. तिने मरणाऱ्यांची वयं विचारून घेतली. शेवटी म्हणाली, "हृदयाच्या ठोक्यांत दोष असतो असा एक. घराण्यात उतरतो, मुलांना तसाच मुलींना. एरवी माणूस धडधाकट असतो. पोहताना, पाण्यात उडी मारताना ठोका बिघडतो आणि शुद्ध जाते. सगळ्यांना होत नाही, म्हणून लक्षात येत नाही. त्या मुलीला आज पाण्यात जाऊ देऊ नकोस. आणि हे बघ, ती पाण्यात असली तर तिला दचकवू नकोस."

बाईंचा फोन लागेना. रविवारी दुपारी त्या तो बंद ठेवतात. मी टॅक्सी केली.

नात पाण्यातच होती. तलावावर आणखी कुणी नव्हतं, जीवरक्षकसुद्धा सावलीत खुर्ची ओढून बसला होता. ती एका काठावरून दुसऱ्या काठावर जात होती, डोकं बाजूला वळवून श्वास घेत, परत पाण्यात. ओरडावं तर दचकेल. उडी मारावी तर मला पोहता येत नाही, माझ्या सुट्ट्या पोस्टकार्डांत गेल्या. मी काठावर उभी राहिले आणि तिचे हात मोजत बसले. एक, दोन, एक, दोन. पाच महिने ही मुलगी रोज असं पाण्यात जात होती, माझ्या शब्दावर. मधेच तिचा एक हात थोडा उशिरा आला असं वाटलं आणि माझं मोजणं चुकलं. मग तिने भिंतीला हात लावला, चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आंटी, यू ओके ऑर नॉट?"

"हळू बाहेर ये," मी म्हटलं. "काही झालं नाही. फक्त हळू ये."

वर जाऊन मी बाईंना सांगितलं. तक्ता दाखवला नाही, तोंडीच सांगितलं, माझी चूक काय झाली तेही. मला वाटलं आता मला घराबाहेर काढतील. मग त्या म्हणाल्या, "माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी गेली. वहीत 'ताप' लिहिलंय. ताप नव्हता. नहाणीत, टबातल्या पाण्यात गेली ती. बाकीच्या बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून ताप लिहिला. मला हे लहानपणापासून माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणावं असं मला वाटत होतं."

तपासण्या झाल्या. नातीला तो दोष निघाला. तिच्या आईलाही निघाला, आणि खुद्द बाईंनाही. बाई ऐंशीच्या पुढे जगल्या याचं कारण डॉक्टरांना सांगता आलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की मला कधी कुणी पोहायला शिकवलंच नाही. नातीला रोजची गोळी सुरू झाली आणि पोहणं बंद. ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. मी गेले की खोलीचं दार लावून घेते. ते दार लागलेलं ऐकलं की मला बरं वाटतं, ती आत जिवंत आहे एवढं कळतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. डॉक्टरांनी बाईंना सांगितलं की रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना कळवायला हवं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नियम काढून टाकलेला तक्ता पुन्हा उघडला. कारंज्यातल्या माणसाच्या दुसऱ्या दोन मुली, त्याच्या बहिणी, त्याच्या आत्या, त्या आधीच्या होडीतून उडी मारणारीच्या बहिणी. आडव्या रेघा ओढून संपवलेल्या सगळ्या. त्यांच्या मुली, त्यांच्या मुलींच्या मुली. बाईंच्या वहीत त्यांची नावंही नव्हती. ती माणसं आज कुठेतरी होती, कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या कुठल्या आडनावांनी, आणि त्यांच्यातली कुणी त्या क्षणी पाण्यात उतरत असेल. मी रात्रीचं जेवताना, लेकीच्या वेण्या घालताना, एलआरटीत उभी असताना तेच डोळ्यांसमोर यायचं.

चर्चची जन्मनोंदणी, लग्नाच्या याद्या, थडग्यांचे फोटो, इंटरनेटवर जे मिळालं ते सगळं मी पिंजून काढलं. बाबांनीही मदत केली. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते फोनवर नुसते "हं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हरवलेली घरं कशी शोधायची याची चार पानं लिहून पाठवली. एकवीस घरं सापडली. नऊ जणांचे पत्ते मिळाले. सप्टेंबरमध्ये बाईंनी नऊ पत्रं हाताने लिहिली, मी प्रत्येकाला तक्ता आणि डॉक्टरांचं पत्र जोडलं, संपर्कासाठी माझा पत्ता दिला.

चार उत्तरं आली. एकाने लिहिलं, आम्हाला तुमच्या सरदारकीशी काही देणंघेणं नाही. दोघांनी तपासणी करून घेतली; एकीला दोष निघाला, तिने लांबलचक आभाराचं पत्र पाठवलं. चौथं दिवाळीच्या आधी आलं. मोठ्या मुलीच्या, म्हणजे कारंज्यातल्या माणसाच्या थोरल्या लेकीच्या वंशातलं घर ते. टाइप केलेलं, जेमतेम दहा ओळींचं.

त्या घरातल्या बापाने लिहिलं होतं की त्यांची मुलगी अकरा वर्षांची होती. या जूनच्या शेवटी शाळेच्या शिबिरात तळ्यात पोहताना गेली. उत्तम पोहायची. डॉक्टरांना काहीच सापडलं नव्हतं. तुमच्या पत्रामुळे आम्ही धाकट्या मुलाची तपासणी केली, त्यालाही तेच आहे, तो आता औषधावर आहे, त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. फक्त एक विचारायचं आहे, कारण माझी बायको रोज विचारते. तुम्हाला हे कधी कळलं?

मी ते पत्र घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये कळलं म्हणून लिहा. ते खरं आहे." साहेब म्हणाला, उत्तर पाठवू नकोस, कंपनीच्या नावाने तर मुळीच नको. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं, मला जवळ घेतलं आणि तोही म्हणाला, "ऑगस्टच लिही. उगाच त्यांना आणखी त्रास कशाला? आणि तुला तरी कशाला?"

चार दिवस मी तेच लिहून पाहत होते. ऑगस्ट. त्यात खोटं काही नाही. जूनमध्ये मला माहीत नव्हतं. पण त्या आईला ऑगस्ट वाचून काय वाटेल ते मला दिसत होतं: मुलगी गेल्यानंतर कळलं, कुणाच्याच हातात काही नव्हतं, नशीब. आणि ते तर खोटं होतं.

शेवटी मी सगळं लिहिलं. कागद माझ्या हातात फेब्रुवारीत आले, मार्चमध्ये मी उत्तर दिलं, ते चुकीचं होतं, का चुकलं, आणि ऑगस्टमध्ये कसं लक्षात आलं. तुमच्या पणजीच्या पुढची शाखा मी स्वतः बंद केली होती, हेही लिहिलं. माफी मागितली. पत्र पोस्टात टाकून सात आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही.

मार्चमध्ये तक्त्यावर बोट फिरवून बाई रडल्या, त्या सकाळी ती अकरा वर्षांची मुलगी तिकडे शाळेत गेली असेल. मी त्या दिवशी घरी येऊन आनंदाने शिरा केला होता. तेवढं मात्र मी पत्रात लिहिलं नाही.